चौथा स्क्रू

त्याने टॅब पालथा घातला, कडेची रबरी टोपणं नखाने उचकटली आणि डोळ्याला भिंग लावून चारही स्क्रू निरखले. तीन ठीक होते. चौथ्याच्या खाचेत ताजी चमक होती.

"आधी कोणी उघडलाय?"

"नाही हो भाऊ," काउंटरपलीकडची बाई म्हणाली. "कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनीसुद्धा नाही उघडला."

खोटं. त्याने भिंग काढलं नाही. भिंगाआडून माणूस न्याहाळला की त्याला पत्ता लागत नाही. बाई पन्नाशीची, बोलकी. शेजारी स्टुलावर तिचा दादा. निदान ती तरी तसं म्हणाली होती. गळ्याला रुमाल, हात मांडीवर, तोंडातून चकार शब्द नाही. नजर मात्र याच्या हातांवर खिळलेली.

एक बोलणारा, एक गप्प. गेल्या महिन्यात समोरच्या दुकानात अशीच जोडी आली होती. समोरचा दुरुस्तीवाला भोळा सांब. त्याने बॅटरी बदलून दिली, वर हसून पावतीही फाडली. आठ दिवसांनी तीच जोडी कंपनीचा वकील आणि दोन पोलीस घेऊन हजर. गप्प बसलेला तो साक्षीदार निघाला. ट्रे, सूक्ष्मदर्शक, गिऱ्हाइकांचे अर्धवट उघडलेले फोन, सगळं गोण्यांत भरून नेलं. आरोप काय, तर कंपनीच्या मालात ढवळाढवळ. अरे, पण विकला ना एकदा? मग माल अजून कंपनीचा कसा? पैसे मोजायचे तुम्ही, मिरवायची तुम्ही, फक्त तिच्या पोटात काय आहे ते बघायचं नाही, अशी ही वस्तू. तेव्हापासून समोरचं शटर खाली होतं, आणि ज्याला सगळे भिंगवाला म्हणत तो हा एकटाच दुरुस्तीवाला गल्लीत उरला होता.

"काय झालंय याला?"

"बंद पडलाय. बॅटरी गेली म्हणे, आणि या मॉडेलची आता येत नाही. नवीन टॅब घ्या म्हणाले."

"मग घ्या की नवीन."

"नव्यात दादाचा बोलायचा प्रोग्राम चालत नाही ना! चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं घशाचं, स्वरयंत्रच काढलं. दादा यावर लिहितो आणि हा बोलतो. वहिनीशी भांडायची वाक्यंसुद्धा साठवून ठेवलीत त्यात. बटण दाबलं की भांडण सुरू." ती हसली, मग थांबली. "अकरा दिवस झाले. नुसता भिंतीकडे बघत बसतो. वहिनी म्हणते, घरात भांडायलाही माणूस उरला नाही."

गोष्ट छान रचलीय, भिंगवाल्याच्या मनात आलं. भांडणाचं तर फारच छान. बोलता बोलता तिने स्वतःचा फोन काउंटरवर पालथा ठेवला होता.

"फोन पिशवीत टाका."

"का हो?"

"इथे ठिणगी उडते."

तिने मुकाट्याने टाकला. तेवढ्यात शेजारचा चार्जरवाला दारात डोकावला. पाहुण्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि भुवया उडवल्या.

"जपून हां, भिंगराव. नाहीतर उद्या तुझ्याही शटरला कुलूप लावायला मलाच यावं लागायचं."

"तू तुझ्या वायरी मोज, जा."

तो गेला, पण बोलणं दुकानातच ठेवून गेला. भिंगवाल्याने पडदा ऊब देऊन सोडवला. आत बॅटरीचं पोट फुगलं होतं. रोग साधा होता. या कंपनीची खोड अशी, की बॅटरीच्या डोक्यावर बोटाएवढी सर्किटची पट्टी बसवलेली असते. टॅब त्या पट्टीला ओळखतो. दुसरी दिसली की संप पुकारतो. जुनी पट्टी सोडवून नव्या बॅटरीला जोडायची, एवढंच काम. तासाभराचं. आणि याचंच नाव ढवळाढवळ.

नाही म्हणावं आणि टॅब परत द्यावा, हे शहाणपणाचं होतं. पण दादाला खरंच बोलता येत नसेल तर? आणि येत असेल तर? गळ्यावरचा रुमाल चांगला जाड होता. त्याच्याआड छोटा माइक सहज मावला असता.

पिशवीतला फोन वाजला. बाई "आलेच" म्हणत बाहेर पायरीवर गेली, पाठ फिरवून हळू आवाजात बोलू लागली. कोणाशी?

भिंगवाल्याने तापलेलं सोल्डरिंग आयर्न स्टँडवरून उचललं.

"दादा, जरा इकडे या. ही कड धरा घट्ट. हलू द्यायची नाही."

तो माणूस लगेच उठून आला. दोन बोटांनी कड धरली, श्वास रोखून, जणू त्याच्याच हातात ऑपरेशन होतं. भिंगवाला पट्टीवर वाकला. कंपनीचा पगारी माणूस असेल तर ओरडेल. ओरडताना सोंग राहत नाही, आईच आठवते. त्याने आयर्नचं टोक पट्टीवरून दोन बोटं पुढे सरकवलं आणि त्या माणसाच्या बोटाच्या पेरावर टेकवलं.

तोंड उघडलं. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या. रुमाल आतून फुगला, फस्स झाला, खाली बसला. बस्स. दुकानात पंख्याची घरघर तेवढी होती. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, पण टॅबची कड त्याने सोडली नव्हती.

"सोडा! सोडा ते!" भिंगवाल्याने पाण्याची बाटली त्याच्या हातावर उपडी केली. "चुकून... हात सटकला माझा."

त्या माणसाने आयर्नकडे पाहिलं, मग याच्याकडे. बराच वेळ. मग आपल्या खिशातला रुमाल काढून बोटाला गुंडाळला आणि स्टुलावर जाऊन बसला.

बाई आत आली. "वहिनीचा फोन. जमतंय का विचारत होती. जमतंय का हो?"

"सेंटरमध्ये टॅब आत नेला होता का?"

"हो, अर्धा तास. बाहेर येऊन म्हणाले, उघडायची गरजच पडली नाही."

"उघडला होता त्यांनी," भिंगवाला म्हणाला. "आत काय झालंय ते बघितलं आणि बंद केला."

"मग सांगितलं का नाही?"

भिंगवाल्याने वरच्या फळीवरून मोडक्या टॅबची चांगली बॅटरी काढली, पट्टी सोडवली, जोडली. तासाभराने पडदा उजळला आणि सगळ्यात आधी कंपनीच बोलली: अनधिकृत दुरुस्ती आढळली आहे. खाली एकच बटण होतं, 'समजले'. त्याने ते दाबलं आणि टॅब पुढे सरकवला.

चौथा स्क्रू बसायच्या आतच दादाने तो दोन्ही हातांनी ओढून घेतला. तेव्हा कुठे बाईचं लक्ष गेलं.

"अगं बाई! बोटाला काय झालं रे?"

भिंगवाल्याच्या हातात चौथा स्क्रू होता. तो खाली ठेवायचंही त्याला सुचेना. दादा डाव्या हाताने एकेक अक्षर शोधत होता. फार वेळ लागला. मग टॅबमधून बातम्या सांगणाऱ्यासारखा सपाट आवाज आला.

"काही नाही. माझंच लक्ष नव्हतं."

"आला गं बाई आवाज!" तिने टाळीच वाजवली. पदराने डोळे टिपत ती हसायला लागली. "वहिनीला फोन लावते, थांब."

दादाने पुन्हा बटण दाबलं.

"काही नाही. माझंच लक्ष नव्हतं."

"अरे, ऐकलं रे दादा," फोनमध्ये नंबर शोधता शोधता ती म्हणाली.

दादा तिच्याकडे नाही, भिंगवाल्याकडे बघत होता.