लकी मासा

दिघाशीहून, भाच्याचं बारसं आटोपून विनिता घरी आली, तेव्हा हॉलभर उदबत्तीचा वास होता. तिच्या माशांच्या टाकीला कुणीतरी झेंडूची माळ घातली होती. आत तिची एंजल माशांची जोडी दिसत नव्हती. तिथे कपाळावर टेंगूळ असलेला एक लालभडक धिप्पाड मासा येरझाऱ्या घालत होता.

“आलीस?” देवेश सोफ्यावरून उठलाच. “बघ काय आणलंय! फ्लॉवरहॉर्न. हिरामण म्हणतो, हा घरात आला की अडलेली कामं सुटतात. काल्हेरचं गोडाऊन कधीचं रिकामं पडलंय, उद्या पार्टी येतेय बघायला...”

“माझे मासे कुठायत?”

देवेशने आईकडे पाहिलं. विनिताला तेवढ्यावरूनच काय ते कळलं.

या घरातला सोफा देवेशने निवडला होता, पडदे सासूबाईंनी, देव्हाराही त्यांनीच. टाकी तेवढी विनिताची. क्लासमध्ये गणित शिकवून घरी आली की ती आधी टाकीसमोर बसायची. चंदेरी अंगावर काळे पट्टे, वरखाली लांब पर, एंजलची ती जोडी तिने नखाएवढी असल्यापासून वाढवली होती. मादी पाटीच्या तुकड्यावर अंडी घालायची आणि दर वेळी दोघं मिळून ती खाऊन टाकायची. लोकांची ये-जा बघून बुजतात, हे विनिताच्या उशिरा लक्षात आलं. या खेपेला तिने हॉलच्या बाजूच्या काचेला खाकी कागद लावला, आणि त्यांनी अंडी राखली. दोघं आळीपाळीने परांनी वारा घालत राहिली. पिल्लं निघाली, पाटीला चिकटून वळवळली आणि परवा सुटी होऊन आईबापाभोवती धुक्यासारखी तरंगायला लागली. गावाला निघताना तिने देवेशला बजावलं होतं, फक्त दिवा बंद कर, बाकी कशाला हात लावू नकोस.

खाकी कागद आता कचऱ्याच्या डब्यात होता.

नर तिला फिल्टरच्या मागे सापडला. परांच्या चिंध्या झालेल्या, एका कुशीवर कललेला, पण कल्ले हलत होते.

“आणि मादी?”

“मेलेली गो ती सकाली,” सासूबाई कमळबाई म्हणाल्या. “मोगऱ्याच्या कुंडीन पुरली. खत व्हतं.”

“पिल्लं?”

“ती एवढीशी होती विनू,” देवेश म्हणाला. “दिसतसुद्धा नव्हती.”

“मला दिसत होती!”

तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला असावा, कारण देवेशने धावत जाऊन दार लावून घेतलं.

“हळू बोल ना. मासेच आहेत ते. दुसरे आणून देतो, चार आणतो, सहा आणतो.”

“मला फोन का नाही केलास?”

“अगं, तू बारशात होतीस...”

“फोन का नाही केलास?”

देवेशने मान फिरवली. “तू नाही म्हणाली असतीस.”

विनिताच्या कानशिलांत रक्त उसळलं. चुकून झालं असतं, वेंधळेपणाने झालं असतं, तर ती रडली असती आणि विषय संपला असता. पण याला तिचा नकार ठाऊक होता आणि म्हणूनच याने विचारलं नव्हतं. ती आतून दोन बादल्या घेऊन आली. एकीत टाकीचं पाणी भरून नराला अलगद सोडलं, हवेची नळी लावली. मग जाळी घेऊन फ्लॉवरहॉर्नच्या मागे लागली. तो जाळीला धडका देत होता. शेवटी हाताने ढकलायला गेली तर त्याने बोटाला कडकडून चावा घेतला. त्याचा तिला राग आला नाही. तो त्याच्या जातीला धरून वागला होता.

“उद्यापर्यंत तरी राहू दे!” देवेशने बादलीची कडी धरली. दोघांच्या ओढाताणीत अर्धं पाणी फरशीवर सांडलं.

“घरान आलेली लक्ष्मी भायेर काढतंस?” कमळबाई कळवळल्या.

“गोडाऊनची लक्ष्मी ना आई? मग गोडाऊनमध्येच बसवू.”

दुसऱ्या दिवशी देवेश निघाल्यावर तिने झाकणाची बादली स्कूटरवर पायांमध्ये ठेवली आणि ट्रेलरच्या रांगांमधून वाट काढत काल्हेर गाठलं. ऑफिसात देवेश, त्याचा भागीदार हिरामण आणि गोडाऊन बघायला आलेला व्यापारी चहा पीत होते. तिने बादली टेबलावर कपांच्या मधोमध ठेवली.

“हा तुमचा लकी मासा. याने माझे मासे मारले. माझ्या नवऱ्याने याला माझ्या टाकीत सोडला, मी घरात नसताना.”

व्यापाऱ्याने कप खाली ठेवला. “आप लोग बात कर लो, मैं ज़रा गेट देखके आता हूँ,” म्हणत तो बाहेर पडला.

हिरामण हसला. “वहिनी, मासा हाय तो. खाणारच.”

“हो ना भाऊजी. मासा आहे, त्याला काय कळतंय! तुम्हाला दोघांना तरी कळतं का?”

हिरामणचं हसू गेलं. देवेशचा चेहरा लालबुंद झाला. “घरातलं भांडण चारचौघांत आणलंस तू.”

“घरात ऐकलंस कुठे? आणि याला या बादलीत ठेवायचं नाही. मोठी टाकी आण, फिल्टर लाव. पाणी तू बदलायचं, तुझ्या हाताने. हा मेला, तर बघ माझ्याशी गाठ आहे.”

गोडाऊन त्याच व्यापाऱ्याने घेतलं. कमळबाईंनी शेजारीपाजारी पेढे वाटले आणि सगळं श्रेय माशाला दिलं. विनिताने पेढा घेतला नाही. तिच्या टाकीत नर एकटाच जगला. पर पुन्हा फुटले, पण वाकडे. देवेश तिच्याशी बोलायला यायचा, ती हो-नाहीच्या पुढे जात नव्हती.

एका संध्याकाळी तो एंजलची जोडी पिशवीत घेऊन आला. “सरप्राईज!”

“परत देऊन ये.”

“विनू, मी माफी...”

“परत. आत्ता.”

तो निमूट जिना उतरला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. मागे दुकानातल्या पंपांचा बुडबुड आवाज होता.

“घेतले त्याने परत. इथे अजून एक मादी आहे, मोठी. म्हणून... विचारतोय. आणू का?”

“नको.”

“बरं,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

विनिताने पुढ्यातला क्लासच्या पेपरांचा गठ्ठा ओढला. राग अजून तसाच होता. लाल पेन उघडून ती पहिला पेपर तपासायला लागली.