बाबागाडी पुढे, मी मागे

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची बॅग आहे आणि मला एका बाबागाडीचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल चार शब्द वाकडे बोलले तर तुम्ही नाक मुरडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड निळं कापड, दणकट चेन, खाली चार चाकं. माझं अस्तर शिवणारी बाई शिवताना शेजारणीशी सारखी भांडत होती. माझा स्वभाव जरा तिखट आहे, तो बहुतेक तिथूनच आला. दुकानात मी बरेच दिवस पडून होते. एकदा एक तरुण मुलगी आली. दुकानदाराने मला आडवी केली, चक्क माझ्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "बघा, काही होतंय का हिला?" मला काही झालं नाही. तिने मला लगेच घेतलं.

ती पूल तपासणारी इंजिनियर होती. परदेशात कुठे पुलाला तडा गेला की तिला बोलावणं यायचं. माझ्या पोटात तिचं हेल्मेट, जाड बूट आणि मोजके कपडे. एका हातात मी, दुसरा हात मोकळा. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवरून आम्ही दोघी अशा झोकात निघायचो की लोक आपणहून बाजूला व्हायचे. हॉटेलच्या खोलीत ती माझ्यावर पाय टेकवून चहा प्यायची आणि फोनवर तिच्या आईला सांगायची, "अगं, एकटी कुठे? बॅग आहे ना सोबत." हे ऐकून मी आतल्या आत फुगायचे.

पुढे तिचं लग्न झालं, मुलगी झाली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. पोटात जुनी पांघरुणं कोंबली गेली. खाली दारापाशी बाबागाडी आली. तिला छत काय, मऊ गादी काय, दुधाची बाटली ठेवायला वेगळा कप्पा काय! रोज संध्याकाळी बाईसाहेबांची स्वारी फिरायला जायची. परत आली की आई ओल्या फडक्याने तिची चाकं पुसायची. माझ्यावर बोटभर धूळ साचली होती. वरून ते सगळं बघताना माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मुलगी चालायला-बोलायला लागली तेव्हा वाटलं, चला, आता गाडीचा तोरा उतरणार. कसलं काय! घरात दुसरं बाळ आलं. गाडीच्या गादीला नवा अभ्रा मिळाला आणि मुलीला नवं नाव मिळालं, ताई. कालपर्यंत गाडीत बसणारी पोर आता गाडीच्या बाजूने चालू लागली. ती गाडीकडे ज्या नजरेने बघायची, ती नजर मला चांगलीच ओळखीची होती.

मग एक दिवस मला खाली काढलं. सगळ्यांनी मिळून परदेशात मावशीकडे जायचं ठरलं होतं. मी मनात म्हटलं, आता हेल्मेट येणार, बूट येणार. आले ते डायपर! त्यांच्यावर दुधाच्या पावडरीचे डबे, सर्दीचे थेंब, तापाचं औषध, ढीगभर झबली. शेवटी बाबांनी माझ्यावर बसकण मारून चेन लावली.

बाबा भूगोलाचे शिक्षक. नकाशावर सगळं जग फिरलेले, पण विमानात पहिल्यांदाच बसणार होते. गर्दीत मूल हरवेल, याची त्यांनी धास्ती घेतली होती. शाळेच्या सहलीत ते मुलांना एका लांब दोरीला धरून चालायला लावत. तीच युक्ती त्यांनी घरी वापरली. दोरीच्या जागी मी. "ताई, ही बॅग तुझी. काहीही झालं तरी हिचं हँडल सोडायचं नाही. बॅग जिथे, तिथे तू." आणि रोज बैठकीच्या खोलीत आमची तालीम सुरू झाली. पोरगी कौतुकाने मला ओढायची आणि मी मनात चरफडायचे. जिने मला परदेशात मिरवलं, तिने मला आता पोरीसोरीच्या हाती द्यावं?

विमानतळावर आई पुढे. तिचे दोन्ही हात गाडीच्या दांडीवर. बाबांच्या हातात दोन पिशव्या आणि सगळ्यांचे पासपोर्ट. सगळ्यात मागे ताई आणि मी. काउंटरवरची बाई म्हणाली, "बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत न्या. बॅग इथे ठेवा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती दारापर्यंत आणि मी इथूनच खाली!

बाबांनी मला उचलून सरकत्या पट्ट्यावर ठेवलं आणि ते पासपोर्ट चाळू लागले. पट्टा सुरू झाला. हँडल धरलेली ताईही माझ्याबरोबर सरकली. आधी तिचे बूट घासत आले, मग ती गुडघा टेकवून सरळ पट्ट्यावर चढली. काउंटरवरच्या बाईने घाईघाईने बटण दाबलं. पट्टा थांबला. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

"ताई, सोड ती बॅग," बाबा म्हणाले.

"तूच सांगितलंस ना, सोडायची नाही."

"हो गं, पण आता सोडायची. ती आता विमानात जाणार."

ताईने मला आणखी घट्ट धरलं. "मग मी काय धरू? आईचे हात गाडीला आहेत."

आईने आपल्या हातांकडे बघितलं. "गाडी तू घे," ती बाबांना म्हणाली आणि पुढे येऊन तिने ताईसमोर हात धरला. ताईने आधी त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग माझ्या हँडलवरून एकेक बोट सुटत गेलं.

मित्रांनो, त्या हातासाठी मी कपाटावर किती वर्षं झुरले होते! तो माझ्या इतक्या जवळ आला आणि दुसऱ्याच कुणाला घेऊन गेला. पण खरं सांगू? त्या क्षणी मला तो नकोच होता. मला ती छोटी, जराशी चिकट बोटं हवी होती. मला असं घट्ट कधी कुणीच धरलं नव्हतं, तिच्या आईनेसुद्धा नाही. पट्टा पुन्हा सुरू झाला आणि मी एकटीच आत गेले.

परदेशात उतरल्यावर मी इतर बॅगांबरोबर फिरत बाहेर आले. ताईने मला ओळखलं. "ती बघ आपली बॅग," असं म्हणून तिने बोट दाखवलं, पण आईचा हात काही सोडला नाही. मला बाबांनी उचललं.

आता बाबागाडीवर माझा राग नाही. तीही थकली आहे, तिचं एक चाक कुरकुरतं. आता मला आईचा हेवा वाटतो. तुम्ही मला आठवणीने पुसा, उन्हाला लावा, मला बरंच वाटेल. पण लहान मुलांना घेऊन लांब निघालात तर सगळ्यात मागे चालणाऱ्या पोराच्या हाती नुसती बॅग देऊन मोकळे होऊ नका. बॅग कितीही दणकट असली तरी तिला कुणाचा हात धरता येत नाही. मला धरता येत असता, तर मी तो सोडलाच नसता.