बेप्पेनं हात लावायचा नाही

विब्रन हिरवी फाइल काखोटीला मारून आईच्या स्वयंपाकघरात शिरला, तेव्हाच हिंकेनं ओळखलं की आज काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. एरवी तो आधी डब्यातलं बिस्किट तोंडात टाकायचा आणि मग खुर्ची ओढायचा. आज त्यानं डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आई, जरा बसतेस का?"

"बसलेलीच आहे. बटाटे काय उभ्यानं सोलतेय?"

विब्रन हा हिंकेचा धाकटा मुलगा. तो आणि त्याची बायको मारित चार वर्षं वाट बघत होते. अर्ज झाले, तपासण्या झाल्या, घरी येऊन कपाटांपासून स्वभावापर्यंत सगळं पाहून जाणारे साहेबलोक झाले, दत्तक घेणाऱ्या आईबापांचा सहा सकाळींचा वर्गही झाला. आता दोन आठवड्यांनी दोघं चीनला जाऊन हुनान प्रांतातून अडीच वर्षांच्या लानला घेऊन येणार होते. हिंकेनं तिचा फोटो फ्रीजवर लावला होता, डोक्कम गावच्या बाजारातून लोकर आणून तीन स्वेटर विणले होते, आणि चर्चबाहेर भेटेल त्याला 'मी बेप्पे होणार' हे सांगून झालं होतं. बेप्पे म्हणजे आजी. ती आधीच सात जणांची बेप्पे होती, पण ती सगळी कॅनडात, फोनवरची.

विब्रननं फाइल उघडली आणि घसा साफ केला. "पहिले तीन महिने मुलाला उचलणं, भरवणं, अंघोळ घालणं आणि रडल्यावर जवळ घेणं फक्त आईबापांनी करावं. मूल आधीच अनेक हातांतून गेलेलं असतं. आपली माणसं कोणती हे त्याला उमगू द्यावं. इतरांनी लांबूनच प्रेमानं बोलावं."

"बरोबर आहे की. इतर म्हणजे कोण?"

"म्हणजे शेजारीपाजारी. मित्रमंडळी." विब्रननं पान उलटलं, मग परत सुलटलं. "आजी."

हिंकेच्या हातातली सुरी थांबली. "पाच पोरं वाढवली मी. त्यातलं एक तू."

"आई, हे तुझ्याविरुद्ध नाहीये."

"मग कुणाविरुद्ध आहे? मी काय कुंपणापलीकडून टकामका बघणारी गाय आहे?"

"तीनच महिने गं."

"कोणी लिहिलंय हे?"

"ओस्टिंगबाईंनी. त्या आम्हाला मार्गदर्शन करतात. वीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना."

"पोरं किती त्यांना?"

"दोन मांजरं आहेत," विब्रन म्हणाला, आणि हे बोललो नसतो तर बरं झालं असतं असं त्याला लगेच वाटलं.

हिंके बराच वेळ बटाट्याशी भांडत राहिली. शेवटी म्हणाली, "अनेक हातांतून गेलंय म्हणतोस?"

"जन्मली तेव्हापासून. आधी अनाथालय, मग सांभाळणारी एक बाई, मग पुन्हा अनाथालय."

"बरं. नाही लावत हात. दिला शब्द."

विब्रनचा जीव भांड्यात पडला. त्याची आई ओरडायची, टोचून बोलायची, पण दिलेला शब्द तिनं आजवर मोडला नव्हता. फक्त तो पाळताना ती आजूबाजूच्यांना सुखानं जगू देत नसे.

नोव्हेंबरात तिघं परत आले. दोन दिवसांनी हिंकेला भेटीचं बोलावणं आलं, दहा मिनिटांचं. ती कोटाच्या खिशात हात घालून दारात उभी राहिली. लान मारितच्या मानेला गोखरूसारखी चिकटली होती. काळेभोर केस, एक गाल सुजल्यासारखा लाल, आणि अख्ख्या फ्रीसलँड प्रांताबद्दल तक्रार असावी असा चेहरा.

"वेलकम हो बाई," हिंके लांबूनच म्हणाली. "सूप दारात ठेवलंय."

विब्रनचे मात्र हाल होते. साडेसहा फूट उंची, तांबडी दाढी. लाननं त्याला अनाथालयाच्या बैठकीच्या खोलीत पहिल्यांदा पाहिलं आणि जो सूर लावला, तो ॲमस्टरडॅमला विमान उतरेपर्यंत सोडला नाही. घरी तो दोन हातांपेक्षा जवळ आला की ती किंचाळायची. मूल आधी एकालाच धरतं, असं फाइलीत लिहिलेलं होतं आणि विब्रननं त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. पण रेघा मारल्यानं काळजाला पडणारे पीळ थोडेच सुटतात? त्यानं कापडी पांडा नाचवून पाहिला. महिनाभर सीडी लावून पाठ केलेलं चिनी अंगाईगीत म्हणून पाहिलं. लान पलंगाखाली गेली.

"ते गाणं ऐकून मीही गेले असते," हिंके म्हणाली.

तिकडे मारितची वेगळीच तऱ्हा. तिला पोर सोडेना. जेवताना मांडीवर, भांडी घासताना पायाला, संडासातसुद्धा दोघी. आठवड्याभरात तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली.

हिंके रोज दुपारी तीनला यायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि हात मांड्यांखाली दाबून ठेवायची. ना ती वाकून बघायची, ना चुचकारायची. मारितशी हवामानाबद्दल बोलायची, शेजारच्या योचमच्या कोंबड्यांबद्दल बोलायची आणि चार वाजता उठायची. आल्यापासून लानला जो तो वाकून बघत होता, दात दाखवत होता, खुळखुळे वाजवत होता. ही एकच म्हातारी तिच्याकडे ढुंकून पाहत नव्हती. हे काय प्रकरण आहे, असा विचार पोरीच्या मनात आला असणार. नवव्या दिवशी ती मधला गालिचा ओलांडून आली, हिंकेच्या गुडघ्याला धरलं आणि सरळ मांडीवर चढून बसली.

मारित तेव्हा वरच्या मजल्यावर होती. नऊ दिवसांत पहिल्यांदा ती एकटी अंघोळीला गेली होती, आणि दाराला आतून कडी होती.

"विब्रन!" हिंके ओरडली. तिनं दोन्ही हात डोक्यावर नेले होते, दरोडेखोरानं बंदूक रोखावी तसे. "ये लवकर! मी धरलेली नाही! नीट बघून घे, मी धरलेली नाही!"

विब्रन धावत आला आणि दोन हातांवर थबकला. लाननं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"आई, तिला खाली ठेव."

"कशी ठेवू? हात लावायचा नाही ना!"

विब्रननं फाइल आणली. आजीनं मुलाला घेऊ नये, हे तीन ठिकाणी होतं. मुलानं आजीला घेतलं तर काय, हे कुठेच नव्हतं. त्यानं ओस्टिंगबाईंना फोन लावला.

"आईंचे हात आत्ता कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"वर."

"वर म्हणजे?"

"छताकडे. दहा मिनिटं झाली."

मग बाई म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, हात खाली घ्या. खांदा निखळेल अशानं. मारित आली की तिला लानला शांतपणे घेऊ द्या. आणि विब्रन, आईंना इतकंच सांगा, की थोडे दिवस त्यांनी जरा कमी मजेशीर व्हावं."

निरोप ऐकून हिंकेनं खांदे चोळले. "बाहत्तर वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी मजेशीर म्हटलं, आणि तेही तक्रार म्हणून."

मारितनं ओल्या केसांनी येऊन लानला उचललं. विब्रन पायरीवर जाऊन बसला. मागोमाग हिंके आली.

"तुझ्या मांडीवर आपण होऊन गेली," तो म्हणाला. "मी तिचा बाप आहे. मी काय करायचं?"

"काही करू नकोस. तोच तर तुझा घोटाळा आहे. सारखा क्रेनसारखा तिच्यावर वाकतोस. तुझे वडील बाजारातून परकी कालवड आणायचे ना, तेव्हा तिच्या मागं मागं फिरायचे का? गोठ्यात तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि आपली भाकरी खायचे."

"ती कालवड नाहीये, आई."

"माहितीये. कालवड तुला एवढं घाबरली नसती."

विब्रनला राग आला. पण दुसऱ्या दिवशी तीन वाजता हिंके आली, तेव्हा तो स्वयंपाकघरात फरशीवर, भिंतीकडे तोंड करून संत्रं खात बसला होता. हसू आवरायला तिला रुमाल लागला, एवढंच.

असे दोन आठवडे गेले. तिघांच्या घरात एक माणूस रोज तासभर भिंतीकडे तोंड करून फळं खात होता. लान आता किंचाळायची नाही. तीन फुटांवर बसून त्याच्या पाठीचा अभ्यास करायची. एकदा तिनं पाठीला बोट लावून पाहिलं आणि पळाली. विब्रननं हे मारितला चार वेळा सांगितलं.

मग डिसेंबरातली ती दुपार आली. मारितला ताप होता आणि ती वर गाढ झोपली होती. विब्रन अंगणात सायकलचं चाक काढत होता, हिंके आपल्या खुर्चीत होती. लान हिंकेच्या नव्या चपला पायात अडकवून घरभर फटफट फिरत होती. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर तिचा पाय अडकला आणि ती फरशीवर तोंडावर आपटली. आधी श्वास अडकल्यासारखी शांतता, मग आकांत. ओठातून रक्त आलं.

हिंके उठून उभी होती. आपण कधी उठलो हे तिला कळलंच नाही. हात पुढे गेलेले होते. लाननं वर पाहिलं, तिलाच पाहिलं, आणि दोन्ही हात तिच्याकडे पसरले.

पाच पोरांची आई होती ती. पसरलेल्या हातांपुढे ती आजवर कधी थांबली नव्हती.

"विब्रन!" तिनं हाक मारली, आणि आवाज चिरका निघाला. "पोर पडलंय!"

विब्रन ग्रीसच्या हातांनी आत आला आणि रक्त पाहून पांढरा पडला. तो वाकणार इतक्यात त्याला काय आठवलं कोण जाणे. जिथं होता तिथंच तो मटकन फरशीवर बसला. "लान," तो एवढंच म्हणाला. गाणं नाही, पांडा नाही.

लान एकदा त्याच्याकडे आणि एकदा हिंकेकडे पाहत रडत होती. हिंकेला कळत होतं, की आपण इथं अशाच उभ्या राहिलो तर ती आपल्याकडेच येणार. तिनं हात पाठीमागे घेतले, बोटं एकमेकांत घट्ट अडकवली आणि पोरीकडे पाठ करून ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर योचमच्या कोंबड्या होत्या. तिनं त्या मोजल्या. अकरा. परत मोजल्या.

मागं रडणं चालूच होतं. मग गुडघे फरशीवर घासल्याचा आवाज आला. मग रडणं कशात तरी दबल्यासारखं झालं, लोकरीत दबावं तसं. हिंकेनं वळून पाहिलं नाही. विब्रनसुद्धा रडतोय हे तिला ऐकू येत होतं. लहानपणी तो असाच रडायचा, नाक ओढत.

"आई," बऱ्याच वेळानं तो कुजबुजला, "दाढी धरलीये तिनं. मी हलू का?"

"हलशील तर खबरदार," हिंके कोंबड्यांना म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ओस्टिंगबाई पाहणीला आल्या. हिंकेनं मनात जी बाई रंगवली होती, तिच्यापेक्षा त्या बुटक्या होत्या आणि साखरपावाचे तीन तुकडे खाण्याइतक्या माणसातल्या होत्या. लान विब्रनच्या खांद्यावर बसून त्याचे कान ओढत होती. बाईंनी सगळी हकीकत ऐकली, वहीत लिहिली.

"तुम्ही पाठ फिरवलीत, हे फार अवघड होतं," त्या हिंकेला म्हणाल्या.

"अवघड कसलं! चुकीचं वाटत होतं अगदी. अजून वाटतं. रडणाऱ्या पोराकडे पाठ करायची म्हणजे काय!" हिंकेनं कॉफी ओतली. "पण तुमच्या त्या फाइलीत एक पान कमी आहे."

"कोणतं?"

"आजीनं घरी गेल्यावर काय करायचं."

बाईंचं पेन थांबलं. "तुम्ही काय केलंत?"

"तीन भांडी घासली. घासलेलीच होती ती."

बाईंनी तेही लिहून घेतलं.

फेब्रुवारीत तीन महिने पुरे झाले. त्या दिवशी हिंके सकाळी आठलाच हजर, अंगात निळं ठेवणीतलं जॅकेट. मारितनं लानला उचललं आणि तिच्या हातात दिलं. पोर दोन किलोंनी तरी वाढलं होतं. केसांना टोस्टचा वास येत होता. हिंकेनं तिला छातीशी धरलं आणि डोळे मिटले.

पाचेक सेकंद झाले असतील.

"नाही!" लान इथल्या फ्रीजियन भाषेत ठणकावून म्हणाली. खिडकीतून बाप सायकल बाहेर काढताना दिसत होता. "खाली! हाइत!"

हाइत म्हणजे बाबा. हिंकेनं तिला खाली ठेवलं. लान एक बूट घालून, दुसरा हातात घेऊन अंगणात पळाली.

"घ्या!" हिंके म्हणाली. "तीन महिने थांबले, आणि ही बघा!"

"वाईट वाटलं का हो आई?" मारितनं विचारलं.

हिंकेनं जॅकेटची बटणं काढली, खुर्चीच्या पाठीवर ते नीट अडकवलं आणि बिस्किटांचा डबा पुढे ओढला.

"वाटलं तर," ती म्हणाली. "दार लाव आधी, गार वारा येतोय. आणि तो दुसरा बूट तिच्या पायात घालायला सांग त्या लांबड्याला."