कोब्लेंझचा एक दिवस

बायको विजयमाला गेल्याचं वेणीमाधवला कळलं ते कंट्रोलच्या टेलिफोनवर, आणि त्याच वेळी बार्शी लाइनवरच्या सगळ्या स्टेशनांना कळलं. त्या टेलिफोनची रीतच तशी होती. तार एक, मास्तर अनेक. एक बोलला की बाकीच्यांच्या कानावर जायचं.

वेणीमाधव सोलापूरला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होता. कानाला हेडफोन आणि पुढ्यात टेबलभर पसरलेला चार्ट. गाडी सुटली की त्या स्टेशनचा मास्तर वेळ सांगायचा, हा चार्टावर तिरपी रेघ ओढायचा. गाडी कुठं उभी राहिली की रेघ आडवी व्हायची, आणि आडवी रेघ लांबली की दुसऱ्या दिवशी साहेब जबाब विचारायचे. त्यामुळं उभी गाडी त्याच्या डोळ्यांना खुपायची. तीस वर्षं त्यानं गाड्या हलत्या ठेवायचं काम केलं होतं.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. बार्शीच्या मास्तरांनी गाडीची वेळ दिली, पण फोन सोडला नाही.

"वेणीमाधवराव आहेत का?"

"मीच की. बोला."

"तुमचे मेहुणे माझ्यापाशी उभे आहेत. त्यांना बोलवेना, म्हणून मी सांगतोय. बाई दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. डॉक्टर बघून गेले. बाई गेल्या, वेणीमाधवराव."

विजयमाला आदल्या दिवशी एसटीनं बार्शीला धाकट्या भावाकडं, मुकुंदकडं गेली होती. मुकुंदनं आडत दुकान मोठं केलं होतं, त्याची पूजा होती.

लाइनवरच्या एका बारक्या स्टेशनचा मास्तर हळूच म्हणाला, "कंट्रोल, माझी गाडी उभी आहे. पण घाई नाही. राहू दे."

"सोडा," वेणीमाधव म्हणाला. त्यानं घड्याळ बघितलं आणि रेघ ओढली. दुसरी रेघ ओढायच्या आत शेजारच्या टेबलावरचा तिप्पण्णा उठून आला आणि त्यानं याच्या कानांवरचा हेडफोन काढून घेतला.

चार्टाखाली आणखी एक कागद होता. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वेणीमाधव त्यावर व्हिएन्नाहून झुरिकला जाणारी रात्रीची गाडी बसवत होता.

येत्या मे महिन्यात दोघं युरोपला जाणार होते. लोक हसायचे. हसण्यासारखंच होतं. विजयमाला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. युरोपचा नकाशा भिंतीला लावून छडीनं नद्या दाखवण्यात तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही बघितलीय का ऱ्हाईन?" घरी येऊन तिनं ते वेणीमाधवला सांगितलं आणि म्हणाली, "मी त्या पोरीला म्हटलं, अजून नाही. अजून म्हटलं बघा मी."

त्या 'अजून'वर दोघं चार वर्षं पैसे बाजूला टाकत होते. मूलबाळ नव्हतं, वेणीमाधव दोन वर्षांनी रिटायर व्हायचा होता. सरकारकडून परदेशी चलन मिळायचं ते बेताचंच. त्यावर महिना काढायचा तर हॉटेल परवडणार नव्हतं. पण तिकडं परक्या माणसांना रेल्वेचा महिन्याचा पास मिळतो, कुठल्याही गाडीत बसा, हे वेणीमाधवला कळलं आणि त्याचा जीव हरखला. त्यानं मुंबईच्या एका ओळखीच्याकडून तिकडच्या गाड्यांचं जाडजूड टाइमटेबल मिळवलं आणि कंट्रोलच्या कोऱ्या चार्टावर सगळा महिना मांडला. रात्री गाडीत झोपायचं, सकाळी उतरायचं, गाव बघायचं, संध्याकाळी पुढची गाडी. खायला घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी. एक झोपला की दुसऱ्यानं सामानापाशी जागं राहायचं. एक संडासला गेला की दुसऱ्यानं सामान धरून बसायचं. रोम, व्हिएन्ना, झुरिक, पॅरिस, आम्स्टरडॅम, सगळ्या रेघा एकमेकींना लागल्या. कुठं आडवी रेघ नाही.

विजयमालानं चष्मा लावून चार्ट बघितला होता.

"अहो, यात मला एक दिवस कोब्लेंझला पाहिजे."

"कोब्लेंझला आहे काय?"

"ऱ्हाईन आहे. कोळशाचे बार्ज, म्हणजे लांब चपट्या बोटी, जातात त्यातनं, एकामागं एक. मी पोरींना सांगते, तिकडं नदीतनं मालगाड्या जातात म्हणून. सकाळी काठावर बसायचं आणि संध्याकाळपर्यंत बघायचं."

"दिवसभर? आणि करायचं काय?"

"बसायचं म्हटलं की."

"गाडीतनं दिसते की नदी. रूळ काठानंच आहेत. मी खिडकीची बाजू धरतो तुझ्यासाठी."

"तुमच्या चार्टात गाड्या पळतात नुसत्या. माणसं उतरतात कुठं?"

तो हसला. बघू म्हणाला. त्यानंतर तिनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तो बघू म्हणाला. बघितलं असतं त्यानं. पण एक दिवस थांबलं की पुढची सगळी जोडणी कोलमडत होती.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर चार बसलेले, पण खाली यायला तयार नाहीत. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. शेजारच्या कस्तुराकाकू म्हणाल्या, तुझी शाळेची पुस्तकं पोरींना देऊ गं. कावळे बसून. मुकुंद म्हणाला, आक्के, माझ्या पोरीच्या लग्नात तुझ्या नावानं साडी नेसवू. कावळे बसून. वेणीमाधवला एकाएकी वाटलं, आपल्याला इथं उभं राहवत नाही, आपण चालू लागावं. तेवढ्यात मुकुंदच मोठ्यानं म्हणाला, "आक्के, दाजी युरोप करून येतील. ठरल्यापरमाणं. मी बघतो ते." एक कावळा उडाला, खाली आला आणि भाताला चोच लावून गेला.

सगळ्यांनी हात जोडले. वेणीमाधवनंही जोडले.

कामावर रुजू झाल्यावर त्यानं हे तिप्पण्णाला सांगितलं. तिप्पण्णा अक्कलकोटकडचा, तोंडाचा फटकळ, मनाचा बरा.

"कावळ्याला भूक लागली असंल की रे."

"असेल."

"मग जायला पायजे असं काय न्हाई."

"पण तेव्हाच का लागली?"

तिप्पण्णानं पान तोंडात टाकलं. "तू जरा बस बघू आधी. आल्यापासनं हुबा हायस."

ते खरं होतं. घरात त्याला बसवत नव्हतं. चहाचा कप घेऊन तो खोलीतून खोलीत फिरायचा आणि निम्मा चहा कुठंतरी विसरायचा. जेवायला बसला की पाणी आणायला उठायचा, पाणी पाटाशी असलं तरी. ड्यूटी संपली की स्टेशनवर जायचा, मेल वेळेवर आहे का बघायचा, मग नवी पेठेतून हिंडून घरी यायचा आणि पुन्हा बाहेर पडायचा. घरात चार्ट पसरलेलाच होता. त्यावर तो एकट्याचा महिना बसवायला लागला, आणि तो बसेना. रात्री गाडीत हा झोपल्यावर सामान कोण बघणार? पासपोर्ट, पैसे सगळं त्यातच. जागं राहायचं तर दिवसा झोप, मग बघायचं काय? हॉटेल घ्यायचं तर चलन पंधरा दिवसांत संपतंय. त्यानं निम्मी गावं गाळून बघितलं, वाट उलटी फिरवून बघितली. सगळा बेत दोन माणसांवर उभा होता, हे त्याला आता कागदावर दिसत होतं.

कस्तुराकाकू म्हणाल्या, "वर्ष सरू द्या की. वर्षाच्या आत एवढ्या लांब जात नाहीत."

"कावळ्याला शब्द दिलाय, काकू."

"तुम्ही नाही दिला. मुकुंदानं दिला."

एप्रिलच्या सुरुवातीला, विमानाची तिकिटं ज्याच्याकडून काढली होती त्या मुंबईच्या एजंटाचं पत्र आलं. बाईंचं तिकीट रद्द करायचं, की त्या जागेवर दुसरं कोणी येणार, हे महिनाअखेर कळवा. ही बातमी बार्शीला कशी पोचली कोण जाणे, दुसऱ्या रविवारी मुकुंद हजर. हातात नवी कोरी बॅग.

"ही काय?"

"बघा की उचलून. हलकी हाय." मुकुंद खुर्चीत बसला, पंच्यानं मान पुसली. "दाजी, मी विचार केला. तुमाला एकट्याला कसं सोडायचं? आक्काला शब्द मी दिलाय. जागा रिकामी हायच. मी येतो."

"तुझा पासपोर्ट?"

"ते एक माणूस करून देतो म्हणालाय. तुमी नुसतं होय म्हणा."

"दुकान?"

"सीझन संपला. दिवाणजी बघतील. खरं सांगायचं तर मार्केटात सगळ्यांना सांगून बसलोय. सत्कार ठेवलाय त्यांनी. फेटा बिटा."

वेणीमाधवला हसू आलं. किती दिवसांनी आलं. त्यानं चार्ट मुकुंदपुढं सरकवला. "तुला कुठं उतरायचंय यात?"

"मला काय कळतंय? तुमी म्हणाल तितं उतरायचं. तुमी गाव बघा, मी सामानापाशी बसतो. रात्री तुमी झोपा, मी जागतो. आडतीवर पोती राखायची सवयच हाय मला."

मुकुंद खरंच बोलत होता. त्यानं सामान डोळ्यांत तेल घालून राखलं असतं. सगळ्या गाड्या मिळाल्या असत्या, सगळ्या रेघा लागल्या असत्या, आणि महिन्यानं दोघं सगळी गावं करून परत आले असते. कोब्लेंझजवळून गाडी गेली असती. मुकुंदनं खिडकीतून बघून म्हटलं असतं, लई मोठी हाय की नदी. वेणीमाधवला हे सगळं इतकं नीट दिसलं की तो उठून दारापर्यंत गेला.

"मुकुंद, तू घाटावर काय बोललास? ठरल्याप्रमाणं म्हणालास."

"व्हय."

"हे ठरलं नव्हतं. हे मी ठरवलं होतं. तुझ्या बहिणीला एका ठिकाणी एक दिवस बसायचं होतं फक्त. तीनदा म्हणाली. मी बघू म्हणालो."

मुकुंदनं पंचा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "बसायचं तर बसू की. मी बी बसंन."

"तू बोलशील."

"ते हाय," मुकुंद म्हणाला. त्यानं बॅगेचं कुलूप दोनदा उघडलं आणि मिटलं. "मग फेट्याचं काय सांगू?"

"मी रागावलोय म्हणून सांग."

"त्ये कुणाला खोटं बी वाटायचं न्हाई." मुकुंद उठला. जेवून मात्र गेला. बॅग ठेवून गेला, हलकी आहे म्हणाला, तुमाला लागंल.

वेणीमाधवनं रबर घेतलं आणि चार्ट पुसायला बसला. रोम ठेवलं, कारण विमान तिथं उतरत होतं. पॅरिस पुसलं. व्हिएन्ना, झुरिक, आम्स्टरडॅम पुसलं. रोमहून कोब्लेंझ एवढी एकच तिरपी रेघ राहिली, ती दिवसाच्या गाड्यांची. तिथून पुढं आडवी रेघ. स्वस्तातली एखादी खोली मिळाली तर काही दिवसांचं चलन पुरत होतं. महिना राहिला नाही. आडव्या रेघेकडं बघताना सवयीनं त्याचा हात पेन्सिलीकडं गेला, गाडी का थांबली त्याचं कारण लिहायला.

सोमवारी त्यानं एजंटाला तार केली: एकटा येतोय, दुसरं तिकीट रद्द करा. साहेबांनी रजा दिली. तिप्पण्णा म्हणाला, "जातोयस ते बरंय. पण दिवसभर बसणार तू? तू? हितं चहा संपस्तवर बसत न्हाईस."

त्याच्या मनातही तेच होतं. जाऊन काठावर उभं राहायचं आणि तासाभरात स्टेशनवर जाऊन गाड्या बघत बसायचं, तर ते मुकुंदबरोबर जाण्यासारखंच झालं. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी तो कंबर तलावावर गेला. भाकरी, चटणी, पाण्याचा तांब्या बरोबर. लिंबाखाली सतरंजी टाकून बसला. पाण्यात बगळे होते. पलीकडं बायका कपडे आपटत होत्या. थोड्या वेळानं त्याला वाटलं, सावली सरकतेय, जागा बदलावी. जागा बदलली. मग वाटलं, घराला कुलूप नीट लावलं का. मग लांबून इंजिनाची शिट्टी आली आणि ही कुठली, आत्ता कशी, म्हणून तो उठला तो सतरंजी गुंडाळूनच. ऊन अजून डोक्यावरही आलं नव्हतं. घरी आल्यावर त्यानं भाकरी उभ्यानंच खाल्ली.

पुढच्या सुट्टीला परत गेला. त्या खेपेला दुपारपर्यंत टिकला. जेवला तिथंच, आणि जेवताना विजयमालाची आठवण इतकी आली की त्याला पळून जावंसं वाटलं, आणि तो गेला. तिसऱ्या खेपेला ऊन भयंकर होतं, तळ्याकाठी चिटपाखरू नव्हतं. हा ओला पंचा डोक्यावर घेऊन बसला. एक गुराखी म्हातारा येऊन विचारून गेला, "कुणाची वाट बघताय का पावणं?"

"नाही. बसलोय."

"बसा की," म्हातारा म्हणाला आणि म्हशींमागं गेला. वेणीमाधव चारपर्यंत बसला. मग उठला.

विमान पुढच्या शुक्रवारी आहे. मुकुंदच्या बॅगेत कपडे भरलेत, शेंगाचटणी कस्तुराकाकूंनी कुटून दिलीय. त्याआधी तलावावर जायला एक सुट्टी आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी बसणं अजून जमलेलं नाही.