कानापासून हनुवटीपर्यंत

त्या तुकडीत नवा माणूस आला, की त्याचं खरं नाव पहिल्या हजामतीपर्यंत टिकायचं. न्हाव्याच्या खुर्चीत बसून तोंडाला फेस फासून घेतला की माणसाला बोलता येत नाही, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला नाव ठेवायला कुणालाच अडचण नसते. न्हावी वस्तरा फिरवता फिरवता एखादा शब्द सोडायचा, भिंतीला टेकून बसलेले चारदोन जण तो झेलायचे, आणि गळ्याभोवतीचं फडकं झटकेपर्यंत नाव पक्कं झालेलं असायचं.

आजोबा बावीस वर्षांचा होता, पण त्याची दाढी छातीपर्यंत पोचली होती. ट्रक चालवणाऱ्याच्या मिशा दोन्ही गालांवरून सायकलच्या हँडलसारख्या वर वळल्या होत्या, म्हणून तो हँडल. रेडिओच्या हाती वायरलेस कधी दिला गेला नाही, कारण त्याला गप्प बसणं जमत नसे. खुद्द कॅप्टनला मागे थर्मास म्हणत. बाहेरून गार, आत काय उकळतंय ते झाकण काढल्याशिवाय कळायचं नाही, आणि झाकण काढायला कुणी जात नसे.

न्हाव्याला मात्र बरेच दिवस न्हावीच म्हणायचे. मग आठ महिन्यांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीला मुलगी झाल्याचं पत्र आलं. त्यानं आपल्या वाट्याची महिन्याची साखर कागदाच्या पुड्या बांधून वाटली आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या तुकडीचा मामा होऊन बसला.

मुलीचा बाप त्याच तुकडीत होता. पाण्याचे पंप आणि जनरेटर सांभाळायचा. न्हावी त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, पण बहिणीचा नवरा पडला, तेव्हा अहोजाहो आलंच. एकदा तोफांचा मारा सुरू झाला आणि सगळे खंदकात एकमेकांच्या अंगावर पडले. त्या धुरळ्यात, त्या आवाजात न्हावी म्हणाला, "अहो, तुमचा गुडघा जरा बाजूला घेता का? माझ्या बरगडीत आलाय." मारा थांबल्यावर दोन दिवस लोक पोट धरून हसले. तेव्हापासून बहिणीचा नवरा सगळ्यांचा जावईबापू.

या जावईबापूंनी मुलीच्या जन्माचं पत्र वाचून जाहीर केलं होतं, की लेकीचं तोंड बघेपर्यंत माझ्या तोंडाला वस्तरा लागणार नाही. न्हाव्यालाही त्याचं कौतुकच वाटलं होतं. दर पंधरा दिवसांनी तो त्या दाढीच्या कडा कात्रीनं सारख्या करून द्यायचा, बागेतल्या कुंपणासारख्या. बहीण प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच लिहायची: दादा, ह्यांच्याकडे लक्ष ठेव, त्यांना स्वतःचं काही म्हणजे काही कळत नाही.

तुकडीचा मुक्काम एका बंद पडलेल्या सूतगिरणीत होता. न्हाव्याचं दुकान म्हणजे गाठोडी तोलायच्या काट्याची खोली. मॅनेजरच्या ऑफिसातून आणलेली फिरती खुर्ची, तिच्या एका तुटक्या पायाखाली वीट. त्या दिवशी सकाळी कॅप्टन स्वतः तिथं आला. एरवी त्याचं बोलावणं यायचं. त्यानं दार लावलं. ओलीनं फुगलेलं ते दार खांद्यानं उचलल्याशिवाय बसत नसे, ते त्यानं उचलून बसवलं.

"दिवस मावळायच्या आत सगळ्यांचे चेहरे साफ झाले पाहिजेत," तो म्हणाला. "दाढ्या, मिशा, कल्ले, सगळं. कुणालाही सूट नाही."

"काय झालं साहेब?"

"उवा झाल्या म्हणून सांग."

"सांगतो. आणि झालं काय?"

कॅप्टननं आपलं बोट कानापाशी टेकवलं, जबड्यावरून खाली आणलं, हनुवटीखालून नेऊन दुसऱ्या कानापाशी थांबवलं. "इथं एक केस राहता कामा नये. रबर घट्ट बसलं पाहिजे."

न्हाव्याच्या हातातला ब्रश तसाच राहिला. लढाईच्या पहिल्या वर्षी तो दुसऱ्या तुकडीत होता. तापानं आठ दिवस इस्पितळात पडून परत आला, तेव्हा त्याला एका शेडमध्ये नेलं होतं आणि ओळीनं झोपवलेले चेहरे ओळखायला सांगितलं होतं. न्हाव्याला चेहरे पाठ असतात, म्हणून. वाऱ्याबरोबर पिवळट धूर आला होता, इतकंच त्याला कळलं. मास्क सगळ्यांपाशी होते, सगळ्यांनी घातलेही होते, बक्कल लावून, व्यवस्थित. त्या शेडमध्ये सगळे दाढीवाले होते.

"नक्की का साहेब?"

"पलीकडे विषारी गॅसची नळकांडी आणून लावलीत. वारा आज आपल्याकडून तिकडे जातोय. फिरेपर्यंत वेळ आहे; रात्र मिळेल, नाहीतर तेवढीही नाही. यातलं बाहेर गेलं तर पळापळ होईल, आणि इथून निघायला रस्ता एकच, तोही त्यांच्या तोफेच्या टप्प्यात. शब्द दे."

न्हाव्यानं शब्द दिला. दुसरं काय करणार?

मग दिवसभर त्या खोलीत जत्रा लोटावी तशी गर्दी होती. उवांची बातमी ऐकून सगळ्यांना खाज सुटली होती आणि प्रत्येक जण दुसऱ्यापासून हातभर लांब बसत होता. आजोबाची दाढी उतरली आणि खालून दुधाच्या दातांचं पोर निघावं तशी मऊ, खड्डा पडलेली हनुवटी निघाली. रेडिओ लगेच सुरू झाला.

"श्रोतेहो, आजोबांचं निधन झालं असून त्यांच्या पश्चात एक बाळ आहे."

"हसा," आजोबा गालावरून हात फिरवत म्हणाला. "आईनं बघितलं तर म्हणेल, आमचा मोठा कुठं आहे?"

हँडलनं मात्र खुर्चीत बसल्यावर मिशांची दोन्ही टोकं मुठीत धरली. "मामा, सहा वर्षं झाली रे. बायकोशी ओळख झाली त्याच्या आधीपासून आहेत."

"मग बायकोला कळू दे आता, कुणाशी लग्न केलंय ते," रेडिओ म्हणाला. "आणि तुला म्हणायचं काय आता? हँडल गेलं, राहिली नुसती घंटी."

न्हावी हसत होता. जिथं हसायला हवं तिथं बरोबर हसत होता. पण रोज तो एका दाढीला जितका वेळ घ्यायचा त्याच्या दुप्पट आज घेत होता, आणि प्रत्येकाच्या जबड्यावरून, हनुवटीखालून अंगठ्याचं पेर फिरवून बघत होता. खुंट लागला की पुन्हा फेस. तुरटी दुपारीच संपली.

जावई आलाच नाही.

दोन वाजता न्हाव्यानं निरोप धाडला. तीन वाजता दुसरा धाडला. साडेतीनला फडकं खांद्यावर टाकून तो स्वतःच पंपघरात गेला. जावई पंपाखाली पाठीवर झोपून पाना फिरवत होता. बाहेर फक्त दाढी दिसत होती, तिला ग्रीस लागलेलं.

"अहो, चला. तुमचा एकट्याचाच नंबर राहिलाय."

"दादा, मला नाही उवा. सकाळी आरशात बघितलं, कंगवा फिरवला, एक निघाली नाही."

"कॅप्टनचा हुकूम आहे."

"मी त्यांना सांगेन. फार तर आठ दिवस खंदक खणायला लावतील. खणेन."

आठ दिवस. न्हावी डिझेलच्या डब्यावर बसला. "केसच आहेत. पुन्हा येतील."

"ते मला कळतं हो." जावई पंपाखालून बाहेर सरकला, उठून बसला. "हसू नका. पण मला आपलं वाटतं, ही आहे तोवर मी घरी जाणार. आठ महिने काही झालं का मला? शेजारचा गेला, माझ्या टोपीला नुसतं भोक पडलं. आता ही काढली आणि उद्या काही झालं म्हणजे?"

न्हाव्याच्या ओठांवर सगळं आलं होतं. ही नाही काढली तर उद्या काय होईल, ते सांगायला चार शब्द पुरले असते. पण दारात दोन पोरं बादल्या घेऊन उभी होती, आणि शब्द दिलेला होता, आणि एकच रस्ता होता. त्यानं तोंड मिटलं. इतकी वर्षं लोकांची तोंडं फेसानं बंद करणाऱ्याला आपलं तोंड बंद करणं किती जड जातं ते त्या दिवशी कळलं.

तो परत आला आणि रेडिओला, हँडलला म्हणाला, "जावईबापू रुसलेत. उचलून आणा."

त्यांना तेवढंच हवं होतं. पाच जण गेले आणि त्याला खांद्यावर घालून, ताटल्या बडवत घेऊन आले. रेडिओ पुढे ओरडत होता, "बाजूला व्हा, सासुरवाडीचं मानाचं माणूस येतंय." जावईसुद्धा हसत होता, लाथा झाडत होता. खुर्चीत दाबून बसवलं तेव्हाही हसत होता. हँडलनं दोन्ही हात मागे धरले, आजोबा पायांवर बसला. न्हाव्यानं कात्री घेतली आणि पहिली बट कापून खाली टाकली.

तेव्हा जावयाचं हसणं थांबलं.

"पुरे झाली मस्करी. सोडा."

कुणी सोडलं नाही. कात्री चालूच होती.

"दादा, मी सांगतोय, थांबवा हे."

"हलू नका. लागेल."

"तुमची बहीण आहे म्हणून ऐकून घेतो सगळं. पण हे मी विसरणार नाही. घरी गेल्यावर तिच्यासमोर विचारीन तुम्हाला."

"विचारा," न्हावी म्हणाला. "तिच्यासमोरच विचारा."

दाढी गुडघ्यांवर, जमिनीवर पडली होती. न्हाव्यानं ब्रश फिरवून फेस लावला आणि वस्तरा उचलला. आणि हात थरथरायला लागला. त्यानं तो खाली घेतला, पँटला पुसला, पुन्हा उचलला. पुन्हा तेच. हा माणूस छपरावर गोळे पडत असताना मेजरची दाढी करून आलेला होता, एक ओरखडा न काढता.

रेडिओची कॉमेंट्री मध्येच तुटली. खोलीत वस्तऱ्याच्या पात्याचा खुर्चीच्या दांड्यावर बारीक टकटक आवाज येत होता, तेवढाच.

"मामा," रेडिओ हळूच म्हणाला, "उवांना इतकं घाबरतात होय?"

वस्तरा नीट चालावा म्हणून न्हाव्यानं आधी बोटानं फेसातून रेघ ओढली. कानापासून जबड्यावरून, हनुवटीखालून, दुसऱ्या कानापर्यंत. दिवसभर ही रेघ तो मनातल्या मनात ओढत होता. आत्ता ती सगळ्यांसमोर, पांढऱ्या फेसावर उमटली.

हँडल त्या रेघेकडे बघत राहिला. शिबिरात मास्क घालायची कवायत त्यानं दोनदा केली होती, आणि मिशांपायी दोन्हीदा शिव्या खाल्ल्या होत्या. त्यानं जावयाचे हात सोडले. मागे सरकला आणि भिंतीला टेकला. आजोबानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा न्हाव्याकडे, आणि तोही पायांवरून उठला.

जावई मोकळा होता. उठून जाऊ शकला असता. तो न्हाव्याचा चेहरा वाचत होता. त्यातलं काय वाचलं त्याचं त्यालाच माहीत, पण ग्रीसचे दोन्ही हात त्यानं मांडीवर ठेवले आणि मान मागे टाकून गळा वर केला.

"करा," तो म्हणाला.

न्हाव्याचा हात स्थिर झाला. त्यानं एकही ओरखडा न काढता ती दाढी पुरी केली, अंगठा फिरवून बघितला, दोन जागा पुन्हा केल्या. कुणी विनोद केला नाही. बाळासारखं दिसतंय असंही कुणी म्हणालं नाही, आणि दिसत तर होतं.

जावई खुर्चीतून उठला तसा रेडिओ येऊन तिच्यात बसला. त्याची दाढी सकाळीच झाली होती, आणि मुळात होती ती चार केसांची.

"माझी पुन्हा एकदा कर मामा," तो म्हणाला. "घाईत झाली होती."

त्याच्यामागे आजोबा उभा राहिला. त्याच्यामागे हँडल. मग ताटल्या बडवणारे ते दोघे. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. कुणी धावलं नाही, गिरणीच्या फाटकाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. भिंतीलगत एक रांग झाली आणि बाहेरून येणारा प्रत्येक जण ती रांग बघून, तोंडातलं वाक्य गिळून तिच्या शेवटी उभा राहिला. सकाळी हातभर अंतर ठेवून बसलेली ही माणसं आता खांद्याला खांदा लावून उभी होती. दारात कॅप्टन येऊन थांबला. रांगेकडे, न्हाव्याकडे बघितलं. न्हाव्यानं नजर खाली घातली. कॅप्टननं टोपी काढली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

सगळ्यांच्या दाढ्या होईपर्यंत उजेड पिवळा झाला होता. न्हाव्यानं वस्तरा धुतला, पुसला, मिटला. तेव्हा जावई म्हणाला, "दादा, तुमची?"

न्हाव्यानं गालावर हात नेला. तीन दिवसांचे खुंट. वर मिशी. दिवसभरात एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

"बसा," जावई म्हणाला.

"तुम्हाला येतं का?"

"पंप खोलता येतो. बसा."

न्हावी आपल्याच खुर्चीत पहिल्यांदा बसला. इथून सगळे केवढे उंच दिसतात, हे त्याला माहीत नव्हतं. जावयानं फेस जरा जास्तच लावला, डोळ्यांपर्यंत. वस्तरा स्क्रूड्रायव्हर धरावा तसा धरला. पहिल्याच फटक्यात कानाखाली रक्त आलं. न्हावी हूं की चूं करेना.

"उगाच रागावलो मघाशी," जावई म्हणाला, फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू.

फेसातून बोलता येत नव्हतं. न्हाव्यानं पापण्या मिटून उघडल्या.

बाहेर अंगणात कुणीतरी मास्कच्या लाकडी खोक्यांचे खिळे उपसायला लागलं. एक खिळा कर्रर करत निघायचा, मग पुढचा. सगळ्या गुळगुळीत माना त्या आवाजाकडे वळल्या. जावयाची वळली नाही. त्यानं न्हाव्याच्या जबड्यावरून अंगठा फिरवला, हनुवटीखाली थांबला, आणि ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.

"राहिलंय इथं," तो म्हणाला. "मान वर करा."