टपावरची सायकल

मी एक जादाची सायकल बोलतेय, आणि आधीच सांगून टाकते, मी जरा बावळटच. कित्येक वर्षं मला वाटायचं, रस्त्याच्या कडेची माणसं माझ्यासाठीच टाळ्या वाजवतात. मी बसायचे सगळ्यांच्या वर, खेळाडूंच्या मागून येणाऱ्या टीमच्या गाडीच्या टपावर. पुढे कुणी घामाघूम होऊन पॅडल मारतंय, हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

आमची टीम हॉलंडच्या झीलंडमधली, एका कांद्याच्या व्यापाऱ्याची. जर्सीवर छातीभर कांदा. आम्ही शर्यतीला पोचलो की मोठ्या टीमवाले ओरडायचे, "कांदेवाले आले रे, रुमाल काढा!"

"काढा, काढा," आमचा मेकॅनिक मारिनुस म्हणायचा. "हरल्यावर लागतीलच."

त्यानंच मला जोडलं, लिव्हेनच्या उंचीला. लिव्हेन आमचा सगळ्यांत जुना खेळाडू. त्याची सायकल मोडली, तरच मी खाली उतरायचं. मारिनुस दर शर्यतीआधी माझी चेन पुसायचा, हवा भरायचा आणि म्हणायचा, "तुझी गरज न पडो, बाई." मी मात्र वर बसून मनोभावे लिव्हेनची चेन तुटायची वाट बघायचे.

मग म्हातारा व्यापारी गेला. मुलगा म्हणाला, "सायकली पुरे. मला होड्या आवडतात." एकच शर्यत उरली.

त्या दिवशी समुद्रकाठच्या बांधावर वारा असा, की खेळाडू पंख्यासारखे तिरके पसरून एकमेकांच्या आडोशानं पळत होते. ज्याला पंख्यात जागा नाही, तो संपला. लिव्हेन कडेला ढकलला गेला, पडला, त्याच्या सायकलीचे दोन तुकडे. मारिनुसनं मला उतरवलं. माझी चाकं शर्यतीत पहिल्यांदाच रस्त्याला टेकली.

तोवर सगळे लांब गेलेले. शर्यत सोडणाऱ्यांना उचलणारी सर्वांत मागची गाडी शेजारी आली. "बस आत, बाबा. काय राहिलंय आता?"

"आमचे बाकीचे बसलेत ना आधीच," लिव्हेन म्हणाला. "मीपण बसलो, तर निकालात कांदा दिसायचाच नाही."

मग आम्ही दोघंच. वारा, बांधावरच्या मेंढ्या, आणि खुर्च्या मिटून घरी निघालेली माणसं. टाळी एकही नाही. तेव्हा कुठे मला उमगलं, इतकी वर्षं त्या टाळ्या कुणासाठी होत्या.

शेवटच्या रेषेवर कमान उतरवत होते. निकाल लिहिणारी बाई तेवढी थांबली होती. तिनं लिव्हेनचं नाव सगळ्यांत खाली लिहिलं. त्यानं माझ्या सीटवर हात ठेवला, बराच वेळ.

आता मी मारिनुसच्या शेडमध्ये, भिंतीला टेकून. मला स्टँड नाही ना. शेजारी त्याच्या बायकोची बाजाराची सायकल असते. ती दिवसभर बाहेर, मी दिवसभर इथे. परवा ती परतल्यावर मी तिला सगळं सांगितलं, आणि तुम्हाला सांगायचं होतं तेही म्हणून बघितलं: कधी शर्यत बघायला उभे राहिलात, तर टपावरच्या सायकलीसाठीही एक टाळी वाजवा.

तिनं बटाट्यांची पिशवी सावरली.

"नको," ती म्हणाली. "तिचाही गैरसमज होईल."