छातीच्या उंचीवर

मालिनीने पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. बदलापूरपलीकडच्या डोंगरातलं जंगल दोन वर्षांत चक्क वाढलं होतं! झाडांचे घेर मोजून जंगलात किती कार्बन साठलाय आणि तोडीमुळे किती हवेत गेला, हे काढायचं तिचं काम. तुटलेले बुंधे दिसत होते, पण उरलेल्या झाडांचे घेर असे फुगले होते की तूट दिसेनाच. अंबरनाथच्या ऑफिसात साहेब खूश होते. अहवाल सोमवारी जायचा होता.

शनिवारी ती नुसते फोटो काढायला आली. यंदा पहिल्यांदाच मोजणीच्या कामाला घेतलेल्या, पाड्यावरच्या जनीबाईने फोटोसाठी ऐनाच्या झाडाला टेप गुंडाळली होती, ती मालिनीच्या कमरेशी.

"जनीबाई, एवढी खाली?"

"तुमीच बोललात ना, छातीच्या उंचीवर. ही माझी छाती."

जनीबाई जेमतेम साडेचार फूट. छातीची उंची म्हणजे सगळ्यांना एकच ठरलेली उंची, तिच्या मापाची काठी द्यायची, ती मालिनीने दिलीच नव्हती. घाईघाईत तोंडी सांगून मोकळी झाली होती. बुंधा खाली जाडच भरणार. दोष या बाईच्या माथी मारावा असं क्षणभर मनात आलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने टेप वर सरकवली. अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटरचे एक्क्याऐंशी झाले.

"म्हंजे जंगल कमी भरलं?"

"हो. सगळी झाडं परत मोजायला लागतील."

"मंग आमची मोळी बंद करतील. ऱ्हाऊ द्या ना बाय, खालीच."

मालिनीच्या हातातल्या फॉर्मवर 'नुकसानीचं कारण' या रकान्यात आधीच छापलेलं होतं: स्थानिकांची लाकूडतोड.

"खोटं नाही लिहिता येणार, जनीबाई."

जनीबाईने झाडाची टेप सोडली.

"मंग पुरतं खरं लिवा. वाळल्या फांद्या माझ्या चुलीत गेल्या, नाय कशाला म्हनू? पन उभे ऐन कापले ते फार्महाऊसवाल्यांच्या शेकोटीला. दर शुक्रवारी टेम्पो येतो. त्यो पन लिवा."

रकाना दोन बोटांचा. मालिनीने छापलेलं खोडलं, कागद उलटा केला.

"टेम्पोचा नंबर कुणी पाहिलाय?"

"सगला पाठ हाय," जनीबाई म्हणाली. "आजवर कोनी इचारलाच नाय."